डोळा काठावर की मधी

दाजी, परवा पिल्लं येणार हेत.

शेड झाडून चुना मारलाय. भाताचं तूस पसरलंय, पत्र्याचा गोल उभा केलाय, वर दिव्यांची छत्री टांगलीय. सगळं तयार हाय. फक्त तुमच्या मशीनचा डोळा गोलाच्या काठावर ठेवायचा की मधी घ्यायचा, ते नक्की न करताच तुम्ही गेले. इतकी वर्षं आपण या एका गोष्टीवर भांडलो. लग्नात भांडलो, एसटी स्टँडवर भांडलो, तुमच्या दवाखान्यातल्या खाटेवर भांडलो. तुम्ही होते तोवर मी तुम्हाला न विचारता तार बदलली असती, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही येऊन माझा कान पिळला असता, आणि ते ठीक होतं. आता बदलली तर कान पिळणारं कुणी नाय. माणूस घरात नसताना त्याच्या चपला घालून बघितल्यासारखं वाटतंय. आणि नाय बदलली, आणि पिल्लं पुन्हा गारठली, तर?

तुमच्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला उभं केलं. हॉलमधी सगळे पांढऱ्या कपड्यात, तुमच्या फोटोपुढं मेणबत्त्या, फुलं, वंदना नुकतीच झालेली. मी उभा राह्यलो आणि तोंड उघडायच्या आधीच मागं बसलेल्या बायका हसल्या. त्यांचा काय दोष? आजवर कुठंही उभा राह्यलो तो हसवायलाच. मी म्हणलो, "दाजी लय चांगला माणूस होता," तर कुणीतरी फिसकन हसलं. मग मला पण हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर तोंड जसं होतं तसं माझं झालं. खाली बसलो. आक्कानं पदर तोंडाला लावला होता. माझी बहीण असून मला कळलं नाय, हसती का रडती.

म्हणून लिहितो. हसाल तर हसा.

लिहायला पण तुम्हीच लावलं. शाळेत मी गेलो ते पाऊस आला की आडोसा म्हणून. तुमचं आक्काशी लग्न झालं, मी नाशिकला तुमच्याकडं यायला लागलो, तर तुम्ही पिक्चरचं मशीन चालवायचे त्या थेटराच्या भिंतीपुढं मला उभं करायचे. हे मोठं अक्षर कोणतं, ते कोणतं. पोस्टरवरनं शिकल्यामुळं मला अजून मोठीच अक्षरं चटकन येतात, बारीक आली की अडतो. पेपरातल्या फक्त वरच्या ओळी वाचतो. त्यामुळं गावात बातमी सगळ्यांत आधी मला कळते, आणि सगळ्यांत चुकीची.

तुम्हाला आठवतंय ना, मी पोल्ट्री टाकली तेव्हा काय झालं ते? नाशिकहून सिन्नरच्या एसटीत मी पिल्लांचे खोके मांडीवर घेऊन बसलो. भोकाभोकांतून चिवचिव. कंडक्टर म्हणला, "यांची पण तिकिटं घ्या, शंभर पाशिंजर हेत." मी म्हणलो, "अर्ध्या तिकिटात बसवा, लहान हेत." सगळी गाडी हसली. मला वाटलं, धंदा जमला. पिल्लांवरनं लोकांना जितका वेळ हसवलं, तितका वेळ पिल्लांना ऊब नाय दिली. पहिल्या खेपेला दिवे लावून झोपलो, बंद करायचं विसरलो, पिल्लं उकडून गेली. दुसऱ्या खेपेला आठवणीनं बंद केले, लावायचं विसरलो. गारठून गेली. गावात म्हणायला लागले, लहानूकडं पोल्ट्री नाय, मसणवटा हाय. 

तिसऱ्या खेपेच्या टायमाला आमच्या कमळनं विड्या वळता वळता, मान वर न करता सांगितलं, "ही पिल्लं जगली तर कोंबड्या. नायतर तुम्ही सिन्नरला कारखान्यात हमालीला. तिथं विसरलं तर फक्त तुमच्या पायावर पडंल."

तेव्हा तुम्ही आले. थेटराला सुट्टी टाकून, नवी पँट घालून. तुम्हाला वाटलं मेव्हण्यानं जेवायला बोलावलंय. मी तुम्हाला तुसात बसवलं.

तुम्ही पत्र्याच्या गोलापाशी उकिडवे बसले आणि पिक्चर बघितल्यासारखे पिल्लं बघत राह्यले. मी आपला मागं उभा राहून थर्मामीटरचं बोलतोय, कुठं मिळंल, कसा वाचायचा. तुम्ही हातानं गप केलं.

"लहान्या, हे बघ. गार पडलं की सगळे मधी दिव्याखाली गर्दी करतात. गरम झालं की काठाला पळतात. बरोबर?"

"बरोबर."

"आमच्या थेटरात पंखे बंद पडले की पब्लिक दाराकडं सरकतं. तिकडं काय आम्ही थर्मामीटर लावतो? पब्लिकच सांगतं. तुला पण पिल्लंच सांगतात. तुला ऐकायला येत नाही एवढंच."

"मग आता?"

"तुझ्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा पिल्लांवर ठेवू."

आणि मग तुम्ही मला त्या डोळ्याचं सांगितलं. पिक्चरच्या मशीनमधी एक डोळा असतो. फिल्मच्या कडेला बारीक पट्टा असतो, त्याच्यातून उजेड जातो, तो उजेड कमी-जास्त होतो तसा डोळा आवाज काढतो. मी म्हणलो, "डोळ्यानं ऐकतं?" तुम्ही म्हणले, "हो." मी म्हणलो, "आमच्याकडं माणसं कानानं पण ऐकत नाय." तुम्ही हसले नाय. कामात असले की तुम्ही हसायचे नाय, आणि तेव्हाच मला सगळ्यात जास्त विनोद सुचायचे.

थेटरातल्या जुन्या मशीनमधला टाकून दिलेला डोळा मालकाला विचारून आणला तुम्ही. एका मेलेल्या रेडिओच्या पोटातलं सामान काढलं. आक्काच्या ओट्यावर सगळं पसरलं, आणि आक्का म्हणली, "स्वयंपाक आता रेडिओत करायचा का?" मला एकच काम दिलं होतं, तारा चिकटवायचं तापलेलं सोल्डर धरायचं. मी ते गरम बाजूनं धरलं. मग मला तेही काम नव्हतं.

साधं होतं तसं. गोलाच्या काठाजवळ, पिल्लाच्या छातीइतक्या उंचीवर, एका बाजूला बारका दिवा, समोर पत्र्याच्या नळीत डोळा. मधून उजेडाची रेघ. पिल्लांना उकडलं, ती काठाला आली, की रेघ तुटते, डोळ्याला अंधार होतो, आतली पट्टी टक् करून पडते आणि छत्रीतले दिवे बंद. पिल्लं मधी गेली, रेघ मोकळी झाली, की टक्, दिवे चालू. त्या टक् करणाऱ्या पट्टीला तुम्ही रिले म्हणायचे. कमळ तिला पाल म्हणायची.

पहिल्या दिवशी एकेक पिल्लू रेघ ओलांडून जायचं आणि दिवे जायचे-यायचे, जायचे-यायचे. माझी शेड जत्रेतला मंडप झाली. गावातली माणसं बघायला आली. एक जण म्हणला, "लहानू, नाचायला बाया कधी येणार?" तुम्ही पुन्हा नाशिकहून आले, एक डबी आणखी जोडली, आणि मग डोळा जरा धीर धरायला लागला. एकटं पिल्लू आडवं गेलं तर सोडून द्यायचा, गर्दी थांबली तरच टक् करायचा. तुम्ही म्हणले, "आता याला तुझ्यापेक्षा अक्कल आली." एक पिल्लू मात्र रेघेतच झोपायचं. रोज. त्याला मी तुमचं नाव दिलं होतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाय. आता सांगतो, आता काय करणार तुम्ही?

त्या खेपेला पिल्लं जगली दाजी. कोंबड्या झाल्या. अंडी झाली. मी पहिली अंडी घेऊन नाशिकला आलो, एसटीत मांडीवर, आणि तुमच्या दाराशी पायरीवर पाय घसरला. तरी आक्कानं त्या फुटलेल्या अंड्यांचीच पोळी केली. वाळू लागली दाताला. तुम्ही म्हणले, "लय झकास," आणि कचकच करत खाल्ली सगळी.

आता त्या थंडीचं येतो. ते सोडून पुढं जाता येत नाय.

त्या वर्षी गारठा असा पडला होता की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून बसायचे. मी शेडच्या जाळ्यांवर बारदानं सोडली होती, त्यामुळं आत भर दिवसा अंधार. मी आपला बॅटरी घेऊन जायचो. आणि मला एक खोड लागली होती. आत शिरलं की आधी डोळ्याच्या तोंडावर बॅटरी मारायची. कशाला? असंच. राम राम म्हणतो तसं. तो बरा हाय ना बघायचं, मग पिल्लांकडं वळायचं.

त्या दिवशी मी सकाळी गेलो, शेडमधी अंधार. वाटलं, पिल्लांना उकडलं असंल म्हणून दिवे बंद हेत. डोळ्यावर बॅटरी धरली. टक्. दिवे लागले. मी म्हणलो, वा. पिल्लांकडं बघितलं, दिव्याखाली गोळा झालेली. म्हणलो, वा वा, उबेला बसली. निघून आलो. थोड्या वेळानं पुन्हा गेलो, पुन्हा अंधार, पुन्हा बॅटरी, पुन्हा टक्. मी घरी येऊन कमळला छाती काढून सांगितलं, "मशीन मला ओळखायला लागलं. मी गेलो की दिवे लावतं."

ती म्हणली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, मी अजून ओळखलं नाय तुम्हाला."

दुपारी ती पाणी ठेवायला गेली. हातात हंडा, बॅटरी नाय. दिवे लागलेच नायत. ती अंधारात उभी राह्यली, आणि मग तिनं गोलात हात घातला. तिथनंच ओरडली, "अवो, ही तर गार हेत!"

समोरचा बारका दिवा कधीच उडाला होता. डोळ्याला अंधार दिसत होता, म्हणजे त्याच्या लेखी काठावर गर्दी, म्हणजे पिल्लांना उकडतंय. त्यानं त्याचं काम केलं. दिवे बंद ठेवले. आणि दर वेळी मी बॅटरी घेऊन जायचो, त्याला खोटा उजेड दाखवायचो, आणि खोटी ऊब बघून घरी यायचो. मशीनला नाय कळलं तर ठीक. मला पण नाय कळलं, आणि मला तर दोन डोळे हेत.

कमळनं विड्यांचं सूप रिकामं केलं आणि पिल्लं त्याच्यात भरभरून घरात आणली. चुलीपुढं गोधडी, गोधडीवर पिल्लं, वर पाटी. तंबाखूच्या वासानं पिल्लं शिंकत होती, आणि शिंकणारं पिल्लू म्हणजे जिवंत पिल्लू, म्हणून आम्ही दोघं कान लावून शिंका ऐकत बसलो. ढिगाच्या खाली दाबली गेली ती मात्र गेली. पाटीभर होती. मी परसात खड्डा खणला. तेव्हा मला एकही विनोद सुचला नाय.

मग मी नाशिकला आलो आणि तुमच्या मशीनच्या खोलीत, चालू खेळात, तुमच्याशी भांडलो. तुम्ही रीळ लावत होते. आपलं खरं भांडण ते. बाकी सगळी त्याची पिलावळ.

"दाजी, डोळा मधी घ्या. काठावर नको."

"मधी घेऊन काय होणार?"

"मधी रेघ असली तर गारठ्यानं पिल्लं मधी आली की रेघ तुटंल. अंधार झाला की दिवे लागू द्या, उजेड दिसला की बंद. सगळं उलटं. म्हणजे उद्या बारका दिवा उडाला, तर अंधार होईल, आणि अंधार झाला तर दिवे चालू राहतील. ऊब जाणार नाय."

तुम्ही रीळ तसंच धरून माझ्याकडं बघितलं. मला वाटतं मी पहिल्यांदाच तुमच्यापुढं काहीतरी शहाण्यासारखं बोललो होतो, आणि तुम्ही वाट बघत होते की आता याच्यात विनोद कुठं हाय.

मग म्हणले, "आणि दिवे चालूच राहिले, बंदच झाले नाहीत, तर?"

"गरम झालं तर पिल्लू काठाला पळंल. गार झालं तर कुठं पळंल?"

"तूस पेटलं तर कुठं पळेल?"

"दिव्यानं तूस पेटतंय व्हय?"

"दिवा तुटून पडला तर पेटतं. तू बांधलेला दिवा आहे, म्हणजे पडणारच."

आणि मग तुम्ही शर्टाची बाही वर केली. मनगटावरचा तो पांढरा, सुरकुतलेला डाग मी शंभर वेळा बघितला होता, विचारलं कधी नव्हतं. तुम्ही शिकाऊ असताना फिल्म अडकली आणि पेटली होती. तुमच्या उस्तादानं त्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. काहीही बिघडलं, काहीही कळेनासं झालं, की आधी उजेड झाकायचा. मशीनला पण तशीच झडप असते म्हणले तुम्ही. मशीन मंदावलं की ती आपोआप पडते आणि उजेड तोडते.

"बिघडलं की बंद. हा नियम आहे, लहान्या. पब्लिक शिट्ट्या मारतं, खुर्च्या फाडतं, मारू दे. जळत तर नाही."

मी म्हणलो, "तुमचं पब्लिक अंधारात शिट्ट्या मारतं. माझं पब्लिक मरतं."

तुम्ही मशीनकडं वळले. रीळ लावलं. मी जिंकलो असं मला वाटलं, आणि जिन्यावरनं उतरताना कळलं की तुम्ही हरले नाय, फक्त गप बसले. 

नंतर तुम्ही बारक्या दिव्याशेजारी दुसरा बारका दिवा लावून दिला. एक गेला तर दुसरा. डोळा काठावरच ठेवला. माझ्या बॅटरीवर बंदी घातली. तेव्हापासनं मी शेडमधी चाचपडत जातो. दोनदा पाण्याच्या भांड्यात पाय घातलाय.

खरं सांगू दाजी? कोण बरोबर होतं ते मला अजून कळलं नाय. आधी वाटायचं मीच. पण गेल्या उन्हाळ्यात छत्रीतला एक दिवा खरंच निसटून पडला, मी बांधलेलाच. फुटला, तुसाचा धूर निघाला, पिल्लं काठाला पळाली, टक् करून बाकीचे दिवे गेले, कमळनं हंडा ओतला. त्या वेळी तुमचा डोळा मधी असता आणि सगळे दिवे चालूच राह्यले असते, तर शेड राह्यली असती का? हे तुम्हाला सांगायचं राह्यलं. मुद्दाम नाय सांगितलं. तुम्ही "बघ, म्हणलो नव्हतो?" म्हणायचे, आणि ते मला नको होतं. आता ऐकायची लय इच्छा हाय.

तुम्ही आजारी पडले तेव्हा मी दवाखान्यात आलो. तुमचे गाल बसले होते. खाटेवर तुम्ही इतके थोडे उरले होते की मला वाटलं चादरच निजलीय. तुम्हाला काय बोलावं ते कळेना, म्हणून मी भांडण काढलं. मला दुसरं येतं काय?

"मग काय दाजी, डोळा मधी घेऊ का?"

आक्का म्हणली, "दवाखान्यात तरी कोंबड्या सोडा रे."

तुम्ही डोळे मिटलेलेच होते. ओठ हलले. मी कान जवळ नेला. मला वाटलं आता काहीतरी मोठं सांगणार, आक्काला सांभाळ, असं काहीतरी.

तुम्ही म्हणले, "आधी काठावरचा पूस. धूळ साचवतोस."

मी तुम्हाला म्हणणार होतो की, दाजी, मला हमालीला जावं लागलं नाय ते तुमच्यामुळं. गावात मला आता कोंबडीवाला लहानू म्हणतात, मसणवटा कुणी म्हणत नाय. तुम्ही मला अक्षरं दाखवली. वाळू लागलेली पोळी खाल्ली. हे सगळं सोडून मी म्हणलो, "पुसतो." तेवढंच झालं आपलं.

पुण्यानुमोदनाचं सगळं नाय सांगितलं मी मघाशी. हॉलमधलं उरकल्यावर सगळे घरी आले. तुमच्या टेबलावर ती डोळ्याची दुसरी पेटी होती ना, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला बनवलेली, हात आडवा केला की टक् करून लाल दिवा घालवणारी, ती चालूच होती. तुम्ही दवाखान्यात गेल्यापासनं कुणी बंदच केली नव्हती. तुमचा फोटो तिच्या शेजारीच ठेवलेला. माणूस वाकून फूल वाहायचा, सावली पडायची, टक्. बाजूला व्हायचा, टक्. सगळे गप, आणि मधी हे टक् टक्. कॉलनीतला एक जण प्लग काढायला गेला. आक्का म्हणली, "राहू द्या. कुणी आलं की ते तसंच करतं."

पण माणसं गेल्यावर तिनंच ती पेटी उचलून माझ्या हातात दिली. म्हणली, "लहानू, घेऊन जा. खिडकीतनं ढग गेला तरी टक् करतं, आणि मला वाटतं हे आत आले."

पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय?" मी म्हणलो, "दाजी हेत." तो हसला. मी पण हसलो. सिन्नर येईपर्यंत हसत होतो बहुतेक, कारण शेजारची बाई उठून दुसरीकडं बसली.

हे इथवर लिहून ठेवलं होतं. आज पिल्लं आली, म्हणून पुढचं आज लिहितो.

मी तार बदलली दाजी. पण शेडमधल्या तुमच्या पेटीची नाय. म्हणजे तुमच्याच, पण टेबलावरच्या पेटीची. रिलेला दोन बाजू असतात हे तुम्ही एकदा दाखवलं होतं, या बाजूची तार त्या बाजूला नेली की सगळं उलटं होतं. मी नेली. सोल्डर या वेळी थंड बाजूनं धरलं. प्लग न काढता हात घातला, त्यामुळं आधी मी टक् झालो. कमळ म्हणली, "तुमच्या दाजींनी कान पिळला." मला पण तसंच वाटलं, आणि मला लय बरं वाटलं.

जुनी पेटी काठावरच हाय. पुसून ठेवलीय, तुमच्या सांगण्यासारखी. तुमच्या नियमानं चालते, बिघडलं की बंद. छत्रीतले अर्धे दिवे तिच्या ताब्यात. टेबलावरची पेटी मधी बसवली, माझ्या म्हणण्यासारखी, बिघडलं की चालू. बाकीचे अर्धे दिवे तिच्या ताब्यात. छत्रीचा उजेड तिच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून लांब नळी केली, आणि समोरच्या बारक्या दिव्याला कवच पाहिजे होतं म्हणून ती बॅटरी घेतली, तीच, आणि तिचं तोंड कापून लावलं. आता तिला म्हणावं, दाखव काय उजेड दाखवायचा तो.

मग मी बघायला म्हणून मधला बारका दिवा काढला. माझे दिवे लागून राह्यले. वाट बघितली. गोल तापला, पिल्लं हळूहळू काठाला सरकली, आणि तुमच्या पेटीनं टक् करून तुमचे दिवे घालवले. मधला परत लावून काठावरचे काढले. तुमचे दिवे गेले. पिल्लं गारठून मधी आली, आणि माझ्या पेटीनं टक् करून माझे लावले. एकाचं चुकलं तर दुसरा सांभाळून घेतो दाजी. इतकी वर्षं आपण विचारत होतो काठावर की मधी, आणि दोघांच्या टाळक्यात आलं नाय की दोन डोळे लावता येतात. तुम्ही असते तर म्हणले असते, "लहान्या, माणसाला पण दोन असतात, बघितलं नाहीस कधी?"

लाईट गेली तर दोघांचंही काही चालत नाय. त्याच्यासाठी शेगडी हाय, आणि कमळ हाय.

आता शेडमधीच बसलोय. बॅटरी नाय, छत्रीच्या उजेडात लिहितोय, म्हणून ओळी वाकड्या. पिल्लं मधी जातात, काठाला येतात. तिकडं तुमची टक् करते, थोड्या वेळानं इकडं माझी करते. मग पुन्हा तुमची. कमळ दारात येऊन थोडा वेळ ऐकत उभी राह्यली आणि म्हणली, "झाले का सुरू दोघं?"

मी म्हणलो, "झाले."

एक पिल्लू आत्ताच तुमच्या रेघेत येऊन झोपलंय. उठवत नाय त्याला.